बिघडलेलं काम दाखवा

"हे सगळं ठीक आहे. आता तुमचं एखादं बिघडलेलं काम दाखवा," अण्णा म्हणाले.

समोर बसलेल्या देसाईंचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. तासभर झाला, ते लॅपटॉप उघडून आम्हाला बाथरूमचे फोटो दाखवत होते. कुण्या डॉक्टरांची बाथरूम, कुण्या वकिलांची बाथरूम, एका बिल्डरची तर माझ्या शिवणक्लासच्या खोलीपेक्षा मोठी. मी आपली प्रत्येक फोटोला "अगं बाई, छान!" म्हणत होते. माझं मत कधीच झालं होतं. द्यावं काम आणि मोकळं व्हावं.

"बिघडलेलं म्हणजे काय, काका?"

"चुकलेलं. पाणी तुंबतंय, फरशी उचकटलीय, भिंतीला ओल आलीय. तुमच्या हातून झालेलं. आपण जाऊन बघून येऊ."

देसाई हसले. "आमची कामं बिघडत नाहीत."

"किती वर्षं झाली धंद्यात?"

"अकरा."

"अकरा वर्षांत एकही नाही?"

"एकही नाही."

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. "बरं. कळवतो."

मी कपाळाला हात लावायचाच बाकी ठेवला. अण्णांचं 'कळवतो' म्हणजे 'नाही', हे मी लग्न होऊन आले त्या महिन्यात शिकले होते. देसाईंना कुठून माहीत असणार! ते बिचारे जाताना कार्ड ठेवून गेले.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची, कराडची. अण्णा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते, चौतीस वर्षं नोकरी. कालवे, बंधारे, पाटचाऱ्या यातच सगळी हयात गेली. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती, पण आमच्या घरात खिळा ठोकायचा तरी भिंतीची पाहणी व्हायची. माझे मिस्टर सुहास साखर कारखान्यात. हंगाम तोंडावर आला की त्यांचं घर म्हणजे कारखानाच. तेव्हा घरात राहिलो आम्ही दोघं, मी आणि अण्णा. कारण आई, म्हणजे माझ्या सासूबाई, घरी नव्हत्या.

आई दीड महिन्यापूर्वी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या होत्या. हातात पाण्याची बादली होती. मी बाहेर मशीनवर होते, धाडकन आवाज आला म्हणून पळाले. अण्णा माझ्याआधी पोचले होते. आई अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर, लुगडं सगळं भिजलेलं, चेहरा पांढराफटक. आणि अण्णा वर उभे राहून ओरडत होते, "बघून चालायला काय होतं तुला? एकवीस वर्षं झाली, तो उंबरा काय आज आलाय?"

आईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, दवाखान्यात आठ दिवस काढले. त्या आठ दिवसांत आई माझ्याशी बोलल्या, सुहासशी बोलल्या, झाडूवालीशी तिच्या पोरीच्या स्थळाबद्दल तासतास बोलल्या. अण्णांशी एक शब्द नाही. तिथून परस्पर माझ्या नणंदेकडं गेल्या, पद्माताईंकडं, कोल्हापूरला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की घरात कमोड पाहिजे, धरायला हँडल पाहिजेत, बाथरूमला उंबरा नको, फरशी खरखरीत पाहिजे. हे झाल्याशिवाय पेशंटला आणू नका. म्हणजे कंत्राटदार ठरल्याशिवाय आई घरी नाहीत, असा हिशेब होता. आणि अण्णा कंत्राटदार ठरू देत नव्हते.

देसाई तिसरे. पहिले आमच्या मामेसासऱ्यांचे साडू, बाळासाहेब. घरचा माणूस म्हणून मोठ्या हौसेनं बोलावलं. अण्णांनी तोच प्रश्न टाकला, तर ते ताडकन उठले. "दाजी, घरच्या माणसाला असं विचारतात होय? माझी बिघडलेली कामं शोधता?" त्यांची समजूत काढता काढता माझी दोन ताटं वाया गेली, जेवलेच नाहीत. दुसरे आले ते म्हणाले, "एक बिघडलंय, पण ते लेबरनं बिघडवलं. आणि पार्टीनंच हलकी टाईल आणली होती." अण्णा म्हणाले, "म्हणजे तुमचं नाही ते. बरं. कळवतो."

देसाईंची गाडी वळली आणि मी दार लावून तशीच अण्णांसमोर उभी राहिले. मी जरा फटकळच. माझ्या आईनं लग्नात पाठवणीच्या वेळी रडायचं सोडून "तोंड सांभाळ" एवढंच सांगितलं होतं. सतरा वर्षं मी ते बऱ्यापैकी सांभाळलंही होतं.

"अण्णा, तुम्हाला आईंना आणायचंय का नाही?"

"म्हणजे काय? आणायचंच आहे."

"मग हे काय चाललंय? बाथरूम करायचीय, धरण नाही! माणूस काम मागायला आलाय आणि तुम्ही त्याला म्हणता, तुझं वाईट दाखव. उद्या मी गिऱ्हाइकाला माझं फसलेलं ब्लाऊज दाखवू का? येईल का कुणी?"

"फसलेलं आहे का एखादं?" अण्णांनी शांतपणे विचारलं.

दरवर्षी एकदोन फसायचीच. मी आत जाऊन भांडी आदळली.

त्याच संध्याकाळी पद्माताईंचा फोन आला. त्या माझ्याशी गोडच बोलतात, पण त्या दिवशी आवाज कोरडा होता. "उज्ज्वला, मी आईची खोली केलीय खालची. कमोड आहे, सगळं आहे. तिकडं तुमचं काही होईल असं दिसत नाही. रविवारी टेम्पो पाठवते, आईचं लोखंडी कपाट दे."

"अहो ताई, कपाट कशाला? आई काय म्हणतात?"

"आई काहीच म्हणत नाही. मी म्हटलं कपाट आणू का, तर म्हणाली, आण."

बाईमाणूस कपाट मागवतं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. त्या कपाटात आईंच्या लग्नातला शालू होता, सुहासची पाळण्यातली दुपटी होती, लाह्यांच्या डब्यात लपवलेले फोटो होते. ते गेलं की आई गेल्याच. आणि मला आई हव्या होत्या. स्वार्थ म्हणा हवं तर. सकाळी माझं मशीन सुरू झालं की शेजारी पाटावर बसून ब्लाऊजना हुका लावत, गावच्या सगळ्या बातम्या सांगत, मध्येच "तुझी बाही मोठी होतीय गं" म्हणून टोकणारं दुसरं कोण होतं मला? दीड महिना मी रेडिओ लावून शिवत होते आणि बाह्या खरंच मोठ्या होत होत्या.

मी अण्णांना सांगितलं, "रविवारी कपाट न्यायला टेम्पो येणारे."

अण्णा जेवत होते. हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. "कुणी सांगितलं?"

"आईंनी."

ते उठले, हात धुतला आणि बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसले. मला वाईट वाटलं, पण रागही होताच. मनात म्हटलं, बसा आता.

बुधवारी शमीमभाभींचे ब्लाऊज न्यायला त्यांचे मिस्टर आले. इलाही शिकलगार, गवंडीकाम करणारे. साठीला आलेला, काटक माणूस, डोक्याला पांढरी टोपी, बोटांची पेरं सिमेंटनं कायमची फुटलेली. आठ-दहा वर्षं ते माझ्याकडून बायकोचे ब्लाऊज नेत होते आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही की हा माणूस मिस्त्री आहे! आपण फोटोवाल्यांच्या मागं लागतो, ते हे असं.

"मिस्त्री, जरा बसा. आमच्या अण्णांना भेटा. पण आधीच सांगते, ते एक वेड्यासारखा प्रश्न विचारतील. रागावू नका."

अण्णा आले. नमस्कार झाला. अण्णांनी विचारलंच, "मिस्त्री, तुमचं बिघडलेलं एखादं काम दाखवाल का?"

इलाही मिस्त्रींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "कुठलं दाखवू साहेब? एक मलकापुरात हाय, ते जवळ पडंल. एक पाटणला हाय, ते लांब. तिसरं हुतं, पण ते पाडलं."

"कुणी पाडलं?"

"मीच की. बघवंना."

अण्णा उभे राहिले. "उज्ज्वला, माझी टोपी दे. मलकापूरला जाऊन येतो."

"मी पण येते," मी म्हटलं. हे बघायचं मी सोडणार होते होय!

मिस्त्री त्यांच्या जुन्या स्कूटरवर पुढं, आम्ही रिक्षात मागं. मलकापुरात एका लहानशा घरापुढं थांबलो. दारावर पाटी, र. का. लोखंडे. दार उघडलं ते उंच, कडक कांजीच्या साडीतल्या बाईंनी. निवृत्त नर्स होत्या, नंतर कळलं.

"काय रे, आज कसा काय? वायपर आणलास?"

"आज वायपर न्हाई बाई, आज पावणे आणल्यात. साहेबांना माझं बिघडल्यालं काम बघायचंय."

लोखंडेबाईंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एकदम त्या हसत सुटल्या. "अगं बाई, म्हणजे माझ्या बाथरूमचं आता प्रदर्शनच लागलं म्हणायचं! या, या. तिकीट नाही."

बाथरूम दिसायला झकास. निळ्या फरश्या, सांधे बारीक, कोपरे कसे धारदार. मला तर कुठं काय बिघडलंय ते दिसेना. अण्णांनी तांब्या भरून पाणी हळूच ओतलं आणि भिंतीला टेकून वाट बघत राहिले. पाणी तिथंच जरा घुटमळलं, मग जाळीकडं जायचं सोडून गुमान आमच्या पायाशी दाराकडं आलं.

"उलटा उतार," अण्णा म्हणाले.

"व्हय साहेब. पाऊण इंच."

"लेव्हलची नळी लावली नव्हती?"

"न्हवती लावली. मेव्हण्याचं लगीन हुतं मिरजंला, दुपारची एस्टी गाठायची हुती. म्हटलं, पंचवीस वर्षं काम करतोय, आता डोळा चुकतोय होय आपला?" मिस्त्री मान खाली घालून म्हणाले, "चुकला."

अण्णांनी लोखंडेबाईंना विचारलं, "मग तुम्ही फोडून परत का नाही करून घेतलंत?"

"हा आला होता की. लग्नाहून आला तो तसाच घमेलं, छिन्नी घेऊन दारात. म्हणाला, बाई, माझं चुकलं, फोडून देतो, माझ्या खर्चानं. मी आधीच रोज पाणी लोटून वैतागले होते, तोंडाला येईल ते बोलले त्याला. हा सगळं ऐकून घेतोय. परत आपलं, बाई, चुकलं." त्या माझ्याकडं वळल्या. "तू बाईमाणूस आहेस, तुला सांगते. मी छत्तीस वर्षं दवाखान्यात काढली. नवरा तीस वर्षं सांभाळला. थोरला भाऊ, दीर, साहेब लोक, सगळे बघितले. 'माझं चुकलं' असं तोंडानं म्हणणारा पुरुषमाणूस मला हा पहिला भेटला. म्हटलं, फोडून दुरुस्त केलं की विषय संपला. राहू दे की जरा! दर दिवाळीला येतो, नवा वायपर देतो, चुकलं म्हणतो, फराळ खाऊन जातो."

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मिस्त्रीही हसले. अण्णा तेवढे हसले नाहीत. ते त्या ओल्या फरशीकडं बघत होते.

परतताना रिक्षात मी विचारलं, "अण्णा, ठरलं ना आता?"

त्यांनी ऐकलंच नाही बहुतेक. जरा वेळानं आपणहून बोलायला लागले. "खात्यात असताना मी ठेकेदाराला हेच विचारायचो. चांगलं काम सगळेच दाखवतात. त्यात कधी जमीन चांगली लागलेली असते, कधी माल चांगला असतो. बिघडल्यावर माणूस काय करतो, ते बघायचं असतं. पळतो, का दुसऱ्यावर ढकलतो, का उभा राहतो."

"मग हे उभे राहिलेत. द्यायचं ना यांना?"

"बघू," अण्णा म्हणाले, आणि मी रिक्षाचा दांडा इतका गच्च धरला की रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

घरी आलो. मिस्त्रींनी चपला काढल्या, बाथरूमच्या दारात गेले आणि तिथंच थांबले. उंबऱ्याकडं बघितलं. वाकून वीत लावली. एक वीत आणि वर दोन बोटं.

"बाब्बो! हे काय हो साहेब? बंधाराच घातलाय की!"

मी स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांनी खुणावत होते, नका बोलू, नका बोलू. पण मिस्त्रींची पाठ माझ्याकडं होती.

"कुठला गवंडी हुता ह्यो? त्येच्या घरात बाईमाणूस न्हवतं व्हय? बाई आत जाती ती काय मोकळ्या हातानं जाती? एका हातात बादली, एका हातात धुणं, पाय वले, लुगड्याचा घोळ पायात. आन् ह्येच्यावरनं एवढा पाय उचलायचा? रोज? आमच्यात असा कुणी घातला असता तर आमच्या म्हातारीनं त्यालाच ह्येच्यावरनं शंभर उड्या मारायला लावल्या असत्या."

मी धावत पुढं झाले. "मिस्त्री, चहा ठेवलाय, आधी चहा..."

"गवंड्यानं नाही घातला," अण्णा म्हणाले. "मी घालायला लावला."

मिस्त्री वळले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"पाणी बाहेर येऊ नये म्हणून. जन्मभर पाणी अडवायचंच काम केलं, दुसरं काही सुचलंच नाही. एकवीस वर्षांत एक थेंब पॅसेजमध्ये आला नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो." अण्णांनी भिंतीला हात टेकला. "ती नको म्हणाली होती. इथंच उभी होती, बांधकाम चालू होतं तेव्हा. म्हणाली, अहो, उंबरा नको, पाय अडकतो. मी गवंड्यांसमोर तिला म्हणालो, तुला काय कळतंय यातलं, तू जा, चहा कर सगळ्यांना."

अण्णांनीच पुढं सांगितलं. "तिनं केला चहा. परत कधी उंबऱ्याचा विषय काढला नाही. ती पडली त्या दिवशीही नाही. मीच बोललो."

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी या घरात आले तेव्हा उंबरा आधीपासूनच होता. सतरा वर्षं मी त्यावरून पाय उचलत होते आणि आईंनी मला एकदाही सांगितलं नव्हतं. मला एकदम अण्णांचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की दोन्ही एकदमच डोळ्यांतून बाहेर आलं. पदरानं तोंड पुसलं. दीड महिना हा माणूस येणाऱ्या प्रत्येकाला जे विचारत होता, ते दुसऱ्या कुणाला नव्हतंच.

इलाही मिस्त्रींनी घसा खाकरला. शहाणा माणूस, समजूतबिमजूत घालायच्या फंदात पडले नाहीत. खिशातून टेप काढली. "बरं साहेब, कामाचं बोलू. हँडल कुठल्या उंचीवर बसवायचं?"

"किती असतं सगळीकडं?"

"सगळीकडचं कशाला? आईसाहेबांचं माप पायजे. त्येंचा हात कुठवर येतो, कुठल्या हातात जोर हाय, डाव्या का उजव्या. इचारा की. फोन लावा."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर वळवली. म्हटलं, हा फोन मी लावायची नाही.

त्यांनी लावला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा मोबाईल कायम स्पीकरवर. पद्माताईंनी उचलला. "बोला अण्णा."

"तिला दे."

"ती पडलीय जरा."

"उठव. म्हणावं, कामाचं आहे."

बराच वेळ गेला. वॉकरची टकटक जवळ येताना ऐकू आली. मग आईंचा आवाज आला, दीड महिन्यानंतर पहिल्यांदा अण्णांसाठी. "बोला."

"हँडल बसवायचेत बाथरूममध्ये. तुझा हात कुठवर येतो, ते पाहिजे."

तिकडून आई म्हणाल्या, "पन्नास वर्षं झाली लग्नाला. तुम्हाला ठाऊक नाही?"

मिस्त्री भिंतीकडं तोंड करून उगाच टेप ओढत बसले. मला वाटलं, झालं, आता फोन ठेवतात हे आणि जातात झोपाळ्यावर.

"शालन," अण्णा म्हणाले. मी त्यांच्या तोंडी आईंचं नाव कधी ऐकलं नव्हतं. 'अगं' नाहीतर 'ऐकलंस का', एवढ्यावर पन्नास वर्षं निघाली होती. "शालन, उंबरा माझा चुकला. तू तेव्हाच सांगितलं होतंस. आणि पडलीस, तेव्हा मी तुलाच बोललो. तेही चुकलं."

फोनमधून पद्माताईंच्या कुकरच्या दोन शिट्ट्या आल्या. तिसरीही आली.

"कोण आहे तिथं?" आईंनी विचारलं.

"उज्ज्वला आहे. आणि मिस्त्री आहेत, इलाही म्हणून."

"त्यांच्यासमोर बोललात हे?"

"हो."

"बरं झालं. तेव्हाही गवंड्यांसमोरच बोलला होतात." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "मिस्त्रींना द्या फोन."

मिस्त्रींनी हात पॅन्टला पुसून फोन दोन्ही हातांनी घेतला. "सलाम आईसाहेब."

"हे बघा मिस्त्री, आमच्या स्वयंपाकाच्या ओट्याची जी कड आहे ना, तेवढ्या उंचीवर हँडल बसवा. ओट्याला धरूनच उभी राहते मी. आणि उजवीकडं बसवा."

"व्हय, व्हय. परवापासनं सुरू करतो, आधी ह्यो उंबरा फोडतो."

"उंबऱ्याला हात लावू नका!" आईंचा आवाज एकदम चढला. आम्ही तिघंही दचकलो. "मी आल्याशिवाय तो फोडायचा नाही. मला तो फुटताना बघायचाय. रविवारी येते."

मला हसू की रडू झालं. मागून पद्माताईंचा आवाज आला, "अगं आई, आणि कपाट?" त्यावर आई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, फोन कट झाला.

रविवारी पद्माताईंच्या गाडीतून आई आल्या. निम्म्या झाल्या होत्या, पण केसांना तेल लावून, नवं लुगडं नेसून आल्या होत्या, लग्नाला आल्यासारख्या. दारात भाकरतुकडा ओवाळला. काम होईपर्यंत आठ-दहा दिवस कमोडच्या खुर्चीवर भागवीन पण परत जाणार नाही, हे त्यांनी पद्माताईंना गाडीतच सांगून टाकलं होतं. वॉकर टेकत सरळ पॅसेजमध्ये आल्या. मी खुर्ची ठेवली. अण्णा जरा लांब, हात मागं बांधून उभे, साहेब तपासणीला आल्यावर ओव्हरसिअर उभा राहतो तसे. दोघं एकमेकांशी अजून काही बोलले नव्हते.

"करा सुरू," आई म्हणाल्या.

मिस्त्रींनी छिन्नी लावली, हातोडा घातला. ठण्ण! छिन्नी उडाली. परत लावली. परत ठण्ण. अर्धा तास झाला, मिस्त्री घामाघूम, आणि उंबऱ्याचा नुसता टवका निघालेला.

"साहेब, काय घातलंय काय ह्येच्यात?"

अण्णा जमिनीकडं बघत म्हणाले, "सिमेंटचा एकास तीन माल आहे." मग हळूच, "आणि आत सळई आहे."

"उंबऱ्यात सळई!"

"दोन आहेत."

आईंनी आधी तोंडाला पदर लावला. मग खांदे हलायला लागले. मग त्या अशा हसत सुटल्या की खुब्यावर हात दाबून "अगं आई गं, दुखतंय गं" म्हणत हसत राहिल्या. पद्माताई हसायला लागल्या, मिस्त्री हातोडा टेकून हसायला लागले, माझं तर विचारूच नका. अण्णा कावरेबावरे होऊन सगळ्यांकडं बघत होते.

"काय हो," आई डोळे पुसत म्हणाल्या, "बांधला मात्र झकास होता तुम्ही. मोडलं ते माझं हाड, त्याला ओरखडासुद्धा नाही."

अण्णा पुढं आले. आईंच्या खुर्चीपाशी खालीच फरशीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "फार दुखतंय का गं?"

"आता नाही," आई म्हणाल्या.

उंबरा फुटायला सव्वादोन तास लागले. दोघं शेवटचा तुकडा निघेपर्यंत तिथून हलले नाहीत. राडारोडा भरून झाल्यावर मिस्त्रींनी घाम पुसत विचारलं, "साहेब, आता हितं काय करायचं? बारकी पट्टी तरी ठेवू का, पाण्याला?"

"मला काय विचारता?" अण्णा म्हणाले. "त्यांना विचारा."

आईंनी त्या मोकळ्या दाराकडं जरा वेळ बघितलं. "काही ठेवू नका. येऊ दे पाणी बाहेर आलं तर. हे पुसतील."

मिस्त्रींनी या वेळी दोनदा नळी लावली आणि उतार असा चोख काढला की पाणी कधी बाहेर आलंच नाही. पण आई होत्या ती पुढची नऊ वर्षं, त्यांची अंघोळ झाली की अण्णा फडकं घेऊन यायचे आणि दारापुढची ती कोरडी फरशी रोज पुसायचे.